पदरचा एक शब्द

जपानमधल्या मोठ्या भूकंपाला अडीच वर्षं उलटून गेली होती. नवरा त्सुकुबाच्या एका संस्थेत संशोधक होता, मुलगी तिथल्याच प्राथमिक शाळेत जात होती, आणि मी एका छोट्या सहल-कंपनीत आठवड्यातले तीन दिवस बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी करत होते. कंपनी कसली, एक निवृत्त शिक्षिका आणि तिची पांढरी व्हॅन. मोठ्या बसने फिरणारे लोक फक्त दुकानं बघतात, असं तिचं ठाम मत होतं. ती सात-आठ जणांनाच घेऊन निघायची आणि थेट हाताने काम करणाऱ्यांच्या घरी न्यायची. कुंभार, विणकर, कागद बनवणारे, बाहुल्या करणारे. त्यांचं जपानी मी परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचे आणि पाहुण्यांचं इंग्रजी त्यांना जपानीत.

भाषा मी जिद्दीने शिकले होते, आणि त्यामागे थोडी शरमही होती. भूकंपानंतरच्या आठवड्यात मी मुलीला घेऊन पुण्याला निघून गेले आणि तीन महिन्यांनी परतले. शेजारच्या बाईंनी तोवर आमच्या बाल्कनीतली झाडं जगवली होती. का गेलात, कशा होतात, काही विचारलं नाही. पाणी घातलं एवढंच सांगितलं. तेव्हापासून मला सारखं वाटायचं की इथल्या लोकांसाठी आपल्या हातून काहीतरी व्हायला हवं. म्हणून शिक्षिकेने जेव्हा सांगितलं की या वेळी त्सुनामी येऊन गेलेल्या किनाऱ्यावरच्या गावात जायचंय, तेव्हा तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

ती सहल जरा वेगळी होती. त्सुकुबात एक मेक्सिकन मुलगी पोस्टडॉक करत होती आणि तिची आई तीन महिन्यांसाठी आली होती. आई साठीच्या पुढची, ठेंगणी, दोन वेण्या घालणारी. तिच्या घरात तीन पिढ्या पातळ रंगीत कागदाची तोरणं कोरण्याचं काम चालत आलेलं. चाळीस-पन्नास कागदांची चळत शिशाच्या पाटावर ठेवायची आणि छोट्या छिन्नीने, हातोडीने, एका दमात सगळ्यांत फुलं, पक्षी, सांगाडे कोरायचे. शहरातल्या एका मेळाव्यात शिक्षिकेने ते पाहिलं आणि चार दिवसांची सहल आखली. तीन गावांत ही बाई मेक्सिकोची कला आणि तिथल्या रीती दाखवणार, आणि गावातले कारागीर त्यांची कला. हस्तकलेची आवड असलेल्या चार जपानी बायका, मायलेकी, शिक्षिका आणि मी, असे आठ जण निघालो.

वाटेत मेक्सिकन बाईने एका मोठ्या दुकानापाशी व्हॅन थांबवायला लावली आणि झेंडूच्या सहा कुंड्या घेतल्या. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं. ती स्पॅनिशमध्ये सांगायची आणि लेक इंग्रजीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे घरोघरी एक टेबल मांडतात, त्यावर गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीचे पदार्थ, झेंडू आणि ही कागदी तोरणं. मेलेली माणसं त्या दिवशी जेवायला येतात. मी तिला आमच्या पितृपक्षाबद्दल सांगितलं, कावळ्याबद्दल सांगितलं, तेव्हा ती खूप खूश झाली आणि कावळा कुठल्या पदार्थाला आधी चोच लावतो ते विचारू लागली.

पहिलं गाव डोंगरातलं होतं, हातकागदाचं. तिथे सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्याकडे उतरलो.

ज्या कारागिराला भेटायचं होतं ते पंचाहत्तरीचे आजोबा होते. ते कागदाच्या लगद्याचे वाघ करायचे. लाकडी साच्यावर कागदाचे थर चिकटवायचे, वाळले की पोट चिरून साचा काढायचा, पुन्हा सांधायचं आणि रंगवायचं. मान हलणारे ते वाघ त्या भागात शुभ मानतात. त्सुनामीत त्यांचं घर, दुकान आणि दीडशे साचे वाहून गेले. चिखलात तीन सापडले. त्या तीन साच्यांवर ते आता तात्पुरत्या वसाहतीत काम करत होते. पत्र्याच्या भिंतींच्या त्या घरांच्या रांगा एका शाळेच्या मैदानावर उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळी शिक्षिकेने मला एवढंच सांगून ठेवलं होतं की त्यांच्या पत्नीला त्सुनामीने नेलं, तेव्हा बोलताना जपून.

वसाहतीच्या सामायिक खोलीत पंधरा-वीस जण जमले होते. आजोबांनी आधी वाघ करून दाखवला. मग बाईने कागद कोरले. तिची छिन्नी चालायला लागल्यावर आजोबा उठून तिच्या अगदी शेजारी जाऊन बसले. एकही शब्द न बोलता त्यांनी तिच्या छिन्नीची धार अंगठ्याने पाहिली, आपल्याजवळचा गुळगुळीत दगड आणला आणि चार वेळा घासून परत दिली. तिने कागदावर चालवून पाहिली आणि त्यांच्याकडे बघून मान डोलावली. दुभाष्याची गरज नसलेली तेवढीच पाच मिनिटं त्या दिवशी होती.

नंतर तिने टेबल मांडलं. वसाहतीतल्या बायकांना आधी संकोच वाटला, पण एकीने पुढे होऊन नवऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि म्हणाली की त्याला दारू लागेल, चहाने भागायचं नाही. बाकीच्या हसल्या. मग कोणी संत्री ठेवली, कोणी भाताचे गोळे. एका आजींनी नातीसाठी चॉकलेट ठेवलं आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. प्रत्येकीला बाई आवडीचा पदार्थ विचारत होती, लेक इंग्रजीत सांगत होती आणि मी जपानीत. मला चांगली लय सापडली होती. मला आठवतंय, मी स्वतःवर खूश होते.

मग बाई आजोबांकडे वळली. लेकीने मला इंग्रजीत सांगितलेलं वाक्य अगदी साधं होतं: “तुमच्या बायकोला काय खायला आवडतं?”

मी जपानीत विचारलं, “तुमच्या दिवंगत पत्नीला काय खायला आवडायचं?”

तो शब्द कोणी मला दिलेला नव्हता. मी पदरचा घातला. गेलेल्या माणसाबद्दल आदराने बोलावं, नावाआधी कै. लावल्याशिवाय पत्रिकेत नाव छापू नये, अशा घरात मी वाढले. जपानीत तर त्यासाठी फार सुंदर, नम्र शब्द आहे आणि तो मला अचूक उच्चारता येत होता.

आजोबांचं तोंड किंचित उघडलं होतं. ते तसंच राहिलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, “माझी बायको अजून सापडलेली नाही.”

त्यांनी ब्रश पुसले, साचा फडक्यात गुंडाळला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. दार त्यांनी आवाज न करता सरकवलं.

शेजारी बसलेल्या वसाहतीतल्या एका बाईने मला कुजबुजत सांगितलं ते नंतर कितीतरी दिवस डोक्यात राहिलं. पालिकेत अर्ज दिला की बेपत्ता माणसाच्या मृत्यूची नोंद करून घेतात. बहुतेकांनी तो केव्हाच दिला होता. आजोबांनी दिला नव्हता. सेंदाईला राहणारी त्यांची मुलगी मागे लागली होती, तरी नाही. दर महिन्याच्या अकरा तारखेला पोलीस किनाऱ्यावर शोध घेतात तेव्हा ते बांधावर जाऊन उभे राहतात.

लेकीने मला विचारलं, काय झालं. आई विचारतेय.

मी म्हणाले की आजोबा दमले आहेत.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण खोलीत वीस माणसं होती, शिक्षिका माझ्याकडे बघत होती, आणि दुभाषी म्हणून माझी जी काही पत होती ती मला त्या क्षणी सोडवेना. बाईने माझा चेहरा पाहिला. तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही. पण तिने त्याचा अर्थ असा लावला की चूक तिचीच झाली, तिच्या प्रश्नानेच म्हातारा माणूस दुखावला. तिने टेबलावरचं काही आवरलं नाही, फक्त आणखी कोणाला काही विचारलं नाही.

तिसऱ्या गावात तिने टेबल मांडलंच नाही. फक्त कागद कोरून दाखवले. झेंडूच्या कुंड्या व्हॅनमध्येच राहिल्या. मी तिच्यामागच्या सीटवर बसून दीड दिवस तिच्या वेण्या बघत होते. लेक मध्येमध्ये तिच्याशी हळू बोलायची, ती मान हलवायची. शिक्षिकेला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, विषय वाढवू नका, परत गेल्यावर मी माफीचं पत्र पाठवते. तिचंही चुकत नव्हतं, तिला पुन्हा त्या गावात जायचं होतं.

परतीच्या वाटेवर जेवायला थांबलो. मी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं. तुझ्या आईने ‘आवडतं’ असं विचारलं होतं. ‘दिवंगत’ मी घातलं. ते ऐकून तिचा चेहरा आधी कोरा झाला.

“दोन दिवस माझी आई रडतेय,” ती म्हणाली. “तुला दिसत नव्हतं?”

दिसत होतं. मी तेही सांगितलं.

ती आत जाऊन आईला सांगताना मी काचेतून बघत होते. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग बाहेर आली आणि लेकीकरवी मला एकच गोष्ट सांगितली: आम्ही मेलेल्यांबद्दल विचारतानाही ‘आवडतं’ असंच विचारतो, कारण ते जेवायला येणार असतात. माझ्या प्रश्नाने त्या माणसाला त्रास झाला नसता. एवढं बोलून ती व्हॅनमध्ये जाऊन बसली. मी माफी मागितली तेव्हा तिने सीटचा पट्टा लावला.

घरी नवऱ्याने मनाला लावून घेऊ नकोस म्हणून सांगितलं. पण तीन आठवड्यांनी मी एकटीच रेल्वेने आणि पुढे दोन बस बदलून त्या वसाहतीत गेले. शिक्षिकेला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर तिने थांबवलं असतं.

आजोबांनी दार उघडलं आणि मला लगेच ओळखलं. एवढीशी खोली, अर्ध्या भागात वाघ वाळत घातलेले. मी गुडघे टेकून, पाठ करून आणलेली माफीची वाक्यं म्हटली. त्यांनी मध्येच हात वर केला आणि चहा ओतला. पालिकेचा माणूस तोच शब्द वापरतो, ते म्हणाले. मुलगी वापरते. देवळातले भटजी वापरतात. तुम्ही परदेशातून आलात, तुम्हाला काय बोलणार.

मला वाटलं, संपलं. मी उठायच्या बेतात होते.

“पण त्या दिवशी मी उत्तर देणार होतो,” ते म्हणाले. “तळलेली कालवं. तोंडात आलं होतं.”



“दिलं असतं तर त्या टेबलावर तिची बशी ठेवली असती सगळ्यांनी. मग मी तिला मारली असं झालं असतं. इतकं सहज.” ते कपाकडे बघत होते. “मी घरी येऊन दोन दिवस बाहेर पडलो नाही. इतकं सहज तोंडात आलं, याचीच भीती वाटली.”

म्हणजे मी दुखवलं होतं ते मला वाटलं होतं त्याहून वेगळं होतं आणि जास्त खोल होतं. माफीची जी वाक्यं मी आणली होती ती या दुखण्याची नव्हतीच. आणि त्यांना ती नकोही होती. ते उठले, एक साचा माझ्यापुढे ठेवला, खळीचं भांडं सरकवलं आणि कागद कसा फाडायचा ते दाखवलं. कात्रीने कापला तर कडा दिसतात, हाताने फाडायचा. बस सुटायच्या वेळेपर्यंत मी दोन थर चिकटवले. माझे थर सुरकुतले होते. ते त्यांनी सोलून काढले नाहीत, पण नंतर ठेवलेही नसावेत.

पुढच्या वर्षी वसाहत हलली आणि ते सेंदाईला मुलीकडे राहायला गेले. नव्या वर्षाचं एक कार्ड आलं, वाघाचं चित्र आणि तब्येतीची विचारपूस. अर्ज दिला की नाही ते त्यात नव्हतं आणि मी कधी विचारलं नाही. शिक्षिकेने त्या गावची सहल पुन्हा काढली नाही. मेक्सिकन बाई तिच्या देशी परत गेली. तिची लेक मला सुपरमार्केटमध्ये दिसायची, मान झुकवायची आणि भाजीच्या पलीकडच्या रांगेत वळायची. वर्षभराने तीही गेली.

ते काम सोडून आता मी रुग्णालयात दुभाष्याचं काम करते. नवऱ्याबरोबर आलेल्या आपल्याकडच्या बायका असतात, बऱ्याच जणी बाळंतपणासाठी आलेल्या. डॉक्टर जेवढं म्हणतात तेवढंच मी सांगते. ना ‘काळजी करू नका’ जोडत, ना ‘दुर्दैवाने’. मागच्या महिन्यात एका मुलीला डॉक्टरांनी सांगितलं की पोटातल्या बाळाचे ठोके मिळत नाहीत, पुन्हा तपासावं लागेल. मी तेच शब्द सांगितले. ‘मिळत नाहीत’, एवढंच. तिने माझा हात धरून विचारलं, “ताई, म्हणजे गेलं का?” मी तिचा प्रश्न डॉक्टरांना जपानीत विचारला आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले. तिने हात काढून घेतला. नंतर तिच्या नवऱ्याने स्वागतकक्षात सांगितलं की पुढच्या वेळी दुसरी कोणी दुभाषी असेल तर बरं.