उद्‌घाटनाआधीच लागलेलं लग्न

माझी आई ठाण्यात एसटीच्या खोपट डेपोत कंडक्टर होती. शेवटची काही वर्षं तिला मुरबाडच्या पलीकडच्या एका गावाची फेरी असायची. गाडी तिथे पोचली की परत निघेपर्यंत बराच वेळ उभी राहायची. तेवढ्यात आई एका काकूंच्या ओट्यावर बसून जेवायची. जेवायची म्हणजे, आमच्या घरचा डबा काकूंना द्यायची आणि स्वतः त्यांची तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी हाणायची. वर मानपाड्याला घरी येऊन सांगायची, "आजच्या भाजीत काही दम नव्हता." भाजी बाबा करायचे. ते नुसते हसायचे.

निवृत्त झाल्यावर थोड्याच काळात आई आजाराने गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिच्या डेपोतल्या मैत्रिणी आलेल्या. त्यातली एक कंडक्टर मावशी म्हणाली, "फोटोला नुसते हार किती घालणार? तिच्या नावाने कुठेतरी काहीतरी उभं राहू दे." त्यातून आमची छोटी स्मृतिसंस्था निघाली. लांबच्या खेड्यांत सगळ्या गावाच्या उपयोगाचं बांधकाम करायचं, असं ठरलं. पहिलं गाव कुठलं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी ठाण्यात एका आर्किटेक्टकडे काम करते. उत्साहाच्या भरात मी वाचनालयाचा नकाशाच काढून नेला. गावात शिरल्यावर आधी आम्ही त्या काकूंकडे गेलो. आम्ही कोण ते कळताच त्यांनी बाबांच्या मागे पाहत विचारलं, "आन् बाई न्हाय आल्या?"

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मीच सांगितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मग उठल्या आणि म्हणाल्या, "जेवून जायचं. नाय म्हनायचं नाय."

दुपारी देवळापुढे बायका जमल्या. त्यांनी माझा नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"झ्याक हाय गो," एक जण म्हणाली, "पन पुस्तकं शाळेत हायत. आमाला लग्नाच्या सैपाकाला छप्पर पायजे."

"गेल्या खेपेला वाऱ्यानं ताडपत्री उडाली ती गेली थेट नवऱ्याच्या डोक्यावर!" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खदखदून हसल्या.

मी नकाशा गुंडाळला. खरं सांगायचं तर थोडी फुगलेच होते. बाबा हळूच म्हणाले, "अगं, त्यांना विचारायलाच आलेलो ना आपण?"

मग सभागृह ठरलं. मागे ऐसपैस स्वयंपाकघर, पुढे पंगत बसेल एवढा हॉल. पैसा संस्थेचा, रेती-विटा वाहायला अख्खं गाव. भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. बाबांचं म्हणणं, आईचं नाव आत कुठेतरी बारीक अक्षरात असावं. काकूंनी ते उडवून लावलं. "बाई काय बारीक आवाजात बोलायच्या?" नाव दर्शनी भिंतीवर आलं, चांगलं ठसठशीत.

उद्‌घाटनाच्या रविवारी शीळफाट्याला बाबा, माझा भाऊ, डेपोतली ती मावशी आणि मी, सगळे ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि पोचायला उशीर झाला. गावाबाहेरच बँड ऐकू आला. भाऊ म्हणाला, "बघ, स्वागत बघ आपलं!"

स्वागत कसलं, आत लग्न चाललेलं. मांडव मैदानात होता, पण सकाळी अवकाळी पाऊस कोसळला आणि सरपंचांनी सरळ सभागृहाचं दार उघडलं. अक्षता पडून पंगतही बसली होती. सरपंच ओशाळून म्हणाले, "रिबीन मात्र तशीच हाय हो. सगळे खालनं वाकून गेले."

बाबा खिशातलं भाषण चाचपत उभे राहिले. पण कंडक्टर मावशीने पदर खोचला. "भाषण काय करताय भावोजी, वाढायला घ्या!" आणि तिचा गाडीतला ठेवणीतला आवाज हॉलभर घुमला, "चला, सरका पुढे! आत जागा आहे!"

वऱ्हाड खरोखरच सरकलं. मी भात घेतला, भावाने बुंदी. बाबा वरणाची बादली घेऊन आग्रह करत फिरत होते. आई गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. जेवणं उरकल्यावर नवरा-नवरीने रिबीन कापली. बँडवाल्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं. भाषण राहूनच गेलं.

यंदा संस्थेची वार्षिक सभा तिथेच घ्यावी म्हणून मी काकूंना फोन केला.

"ये की," त्या म्हणाल्या, "पन रविवारी नको गो. समद्या रविवारी लग्नं हायत."