सुई ओवणारा चष्मा

वडूज ते सातारा वडापची, म्हणजे वाटेत पॅसेंजर भरत जाणारी, जीप चालवणारे हंबीरराव माजी सैनिक. फौजेत त्यांनी डोंगरदऱ्यांत ट्रक हाकले होते, म्हणून त्यांच्या जीपला काही होणार नाही असं सगळा गाव धरून चालायचा. साताऱ्याच्या कचेरीत कारकुनी करणारा मीही रोज त्यांच्याच जीपने जायचो.

त्या हिवाळ्यात त्यांना लांबचं अंधुक दिसू लागलं. रोज साताऱ्यात जाऊनही हा गडी डोळ्यांच्या डॉक्टरची पायरी चढेना. त्यांनी चष्मा घेतला वडूजच्या बाजारात, फडक्यावर चष्मे मांडून बसलेल्या माणसाकडून. तिथली रीत ठरलेली. तो हातात सुईदोरा देतो आणि ज्या चष्म्यातून सुई ओवली जाईल तो आपला. हंबीररावांनी पहिल्या झटक्यात सुई ओवली आणि तोच चष्मा लावून जीप हाकू लागले. जवळचं बघायचा चष्मा घालून लांबचा रस्ता बघायचा, याला काय म्हणावं?

एके सकाळी त्यांची बायको विजयमाला साताऱ्याला निघाली. ती पुढे त्यांच्या शेजारी, मी तिच्या पलीकडे. कोरेगाव जवळ आलं तरी धुकं हटलं नव्हतं. समोर उसाची बैलगाडी दिसत होती, पण जीपचा वेग कमी होईना. मला वाटलं, आता दाबतील ब्रेक. मग दाबतील.

"आवं, गाडी!" विजयमाला ओरडली.

ब्रेक लागला. ऊस काचेला टेकला होता. मागचे पॅसेंजर एकमेकांवर आदळले.

"दिसली न्हाई तुमाला?"

"सुई ओवतो मी ह्या चष्म्यानं," हंबीरराव म्हणाले.

"सुई न्हाई हाकायची, जीप हाकायचीय. काढा त्यो."

त्यांनी चष्मा खिशात टाकला. पुढे ती सांगत गेली आणि ते हाकत गेले. "म्हशी हायती. हळू. आता पूल आला, डावीकडं जाऊ नगा. अजून उजवीकडं घ्या." ओढ्याच्या त्या अरुंद पुलावर मी दाराची कडी घट्ट धरून रामरक्षा म्हणत होतो. मी भित्रा माणूस आहे, लपवत नाही. पण त्या दिवशी विजयमालेच्या कपाळावरही घाम होता.

साताऱ्यात तिने त्यांना थेट डॉक्टरकडे नेलं. तपासणीच्या पाटीवरचं सर्वांत मोठं अक्षर तेवढं त्यांना वाचता आलं. चष्म्याच्या दुकानात दुकानदार भारीतल्या फ्रेमा पुढे करू लागला, तेव्हा ती म्हणाली, "फ्रेम सादी चालंल. काच नंबराची द्या."

चष्मा दुपारी मिळायचा होता. तोवर स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं हंबीररावांनी स्वतःच सांगितलं. बाकीचे पॅसेंजर कुरकुरत एसटीने गेले. कचेरी सुटल्यावर मी आलो, तर दोघं जीपपाशी थांबलेली. नवा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

परतताना उजेड होता. गाडी छान चालली होती आणि माझा जीव भांड्यात पडला होता. पुलाच्या तोंडाशी त्यांनी एकदम जीप थांबवली आणि खाली उतरले. सकाळी डावीकडे होता तो कठडा पार ओढ्यात कोसळलेला होता. ते काठाशी उभे राहून खाली बघत राहिले.

"कवा पडला ह्यो?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीत," विजयमाला म्हणाली.

हंबीरराव तिथेच रस्त्यावर खाली बसले. दिवाळीपासून रोज दोनदा ते आम्हाला त्या पुलावरून नेत होते.