धाकट्याने आवळलेली क्लिप

आसपासचे दुकानदार थोरल्याला फौजदार म्हणत. गॅरेज दोघा भावांचं, पण तपास एकट्याचा. गिऱ्हाईक म्हणालं, "काल संध्याकाळपासून आवाज येतोय," की हा विचारणार, "काल संध्याकाळी गाडी कोणाकडे होती?" बायको दोन दिवस गोड बोलली तर तिसऱ्या दिवशी हा तिच्या माहेरची खबर काढणार. आणि धाकट्या भावाने आवळलेला नट तर त्याने कधी तसा सोडलाच नाही. धाकटा पाना खाली ठेवी, थोरला तोच पाना उचलून वरून आणखी पाव फेरा देई. मगच त्याला घास गोड लागे.

अशात समोरच्या चष्म्याच्या दुकानवाल्याची जुनी मोटारसायकल आली. महिन्यापूर्वी धाकट्याने तिचा कार्बुरेटर साफ करून दिला होता. आता ती थंड असताना शहाण्यासारखी चाले, पण गरम झाली की उभ्या जागी आपोआप रेस होई. मध्येच आवाज खाली येई, पुन्हा चढे.

"सिग्नलला उभा राहिलो की बाजूची पोरं माझ्याकडे बघून हसतात," चष्मेवाला म्हणाला. "त्यांना वाटतं, मी शर्यत लावतोय. ह्या गुडघ्यांनी."

थोरल्याने हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं. केबल कुठे ओढली जात नव्हती. त्याने आयडलिंगचा स्क्रू फिरवून रेस खाली आणली आणि गाडी गॅरेजातच ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी इंजिन तापलं आणि रेस पुन्हा वर. परत स्क्रू लावला, परत तेच. तेव्हा त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. स्क्रू काही स्वतःहून फिरत नाही. कोणीतरी फिरवतंय, आणि गॅरेजात माणसं दोनच.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली धाकटा फोन आला की रस्त्यावर जाऊन बोलायचा आणि हा जवळ गेला की, "ठेवतो, नंतर बघू," म्हणायचा. हल्ली गिऱ्हाइकं दारातून विचारायची, "धाकटे नाहीत का?" कुठेतरी पाणी मुरत होतं. हा आपली कामं बिघडवणार, आपलं नाव घालवणार आणि गिऱ्हाइकं घेऊन वेगळं गॅरेज टाकणार. ज्याला आपण हातात पाना धरायला शिकवलं, त्यानेच असं करावं, याचं थोरल्याला फार वाईट वाटलं. रागापेक्षाही वाईटच जास्त वाटलं.

"ह्या महिन्यात वाटणी करून टाकतो," तो बायकोला म्हणाला. "गॅरेजात मधोमध भिंत घालतो."

"घाला की. पण दुपारचा डबा कोणाबरोबर खाणार ते ठरवून ठेवा," बायको म्हणाली.

 त्याने तिची नेलपॉलिशची बाटली खिशात घातली. सकाळी गाडीच्या स्क्रूवर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक बारीक लाल रेघ ओढली. स्क्रू केसभर हलला तरी रेघ मोडणार होती. धाकटा ते बघत होता, पण बोलला नाही. आणि न बोलणारा माणूस थोरल्याच्या हिशेबी निम्मा गुन्हेगार असे.

दुपारी गाडी तापली आणि रेस चढली. थोरला भिंग घेऊन वाकला. रेघ जशीच्या तशी होती. आता दुसरा कोणी असता तर संशय सोडून देता. हा घरी फोन करून बायकोला विचारतो, "ह्या रंगाची दुसरी बाटली धाकट्याच्या बायकोकडे आहे का?"

धाकट्याने ते ऐकलं. तो उठला, तेलाची कुपी घेतली आणि चालू इंजिनाजवळ बसून इंजिन आणि कार्बुरेटर यांच्यामधल्या रबरी जोडावर चार थेंब सोडले. रेस लगेच खाली आली. तेल आत ओढलं गेलं, तशी पुन्हा चढली. जोड चिरला होता. गरम झाला की चीर उघडायची आणि तिथून हवा आत शिरून रेस चढायची. मग धाकट्याने खिशातून नवा कोरा रबरी जोड काढून पुढे धरला.

"नवा जोड आधीच आणून ठेवलास," थोरला सावकाश म्हणाला. "म्हणजे तुला माहीत होतं. तूच चिरलास."

"चिरलास तू," धाकटा म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. ह्या गाडीचा जोड आता मिळत नाही, म्हणून तुझ्यामागे दहा ठिकाणी फोन लावत होतो."

"मी हात तरी लावला का तिला?"

"लावलास. कार्बुरेटर साफ केला तेव्हा तू लेकीच्या सासरी गेला होतास, म्हणून मी जोडाभोवतीची क्लिप पुरती आवळली. संध्याकाळी आलास आणि वरून तुझा पाव फेरा दिलास. क्लिपची कड रबरात घुसली."

"पाव फेरा तर मी नेहमीच देतो. मग आजवर काही मोडलं कसं नाही?"

धाकट्याने इंजिन बंद केलं.

"तू असलास की मी पाव फेरा कमी आवळतो, दादा. माझ्या लग्नाच्या आधीपासून."

थोरल्याला आधी वाटलं, हा खोटं बोलतोय. मग त्याला आपल्या हाताखाली दर वेळी सहज फिरलेले ते सगळे नट आठवले. त्या प्रत्येक वेळी, आपण होतो म्हणून गाडी वाचली, असं त्याला वाटलं होतं. त्याला धाकट्याकडे बघवेना.

धाकट्याने नवा जोड बसवला, क्लिपला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि हात थांबवला.

"दादा, आता कसं करू? पुरती आवळू?"

आवळ म्हणावं, असं थोरल्याच्या अगदी ओठांवर आलं. पण तो स्वतःला ओळखून होता.

"नको," तो म्हणाला. "थोडी ढिलीच ठेव."