बापाच्या तोंडावरचे वण

माझ्या बापाचा जन्मात एकच फोटो निघाला. तोही माझ्या लग्नात, पाहुण्यांच्या घोळक्यात. तोंड चिंचोक्याएवढं, पण भिंग धरलं की देवीचे वण दिसत. बाप गेल्यावर आईनं धोशाच लावला, वर्षश्राद्धाले त्यांचा मोठा फोटो भिंतीवर पाहिजे. म्हणून मी सावनेरहून बस धरली आणि शहरातल्या महाल भागातल्या एका पेंटरकडे गेलो. त्याचं तेव्हा मोठं नाव होतं. कशाचं, देव जाणे.

त्याले मी नीट समजावून सांगितलं. अंगात बंडी दाखव, डोक्याले पंचा दाखव आणि वण जसेच्या तसे ठेव. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून तो नुसता मान हलवत होता.

चित्र आणायले गेलो तर भिंतीले टेकवून पाट्याच पाट्या. साऱ्यांवर काळा कोट, खिशात पेन, अन् वर मुंडकं नाही. कोट आधीच रंगवून तयार. ज्याचा बाप मरेल त्याचं मुंडकं त्यावर बसवायचं. असल्याच एका कोटात माझा बाप बसला होता. गोरापान, गाल गुलाबी, ओठ नाटकातल्या बाईसारखे. जन्मभर कपाशीत राबून काळा ठिक्कर पडलेला माणूस! मले किळस आली.

"वण कुठी गेले माह्या बापाचे?"

"पुसून देल्ले ना भाऊ. त्याचे वेगळे पैसे नाही लावत मी."

"अन् कोट? त्यानं जन्मात कोट नाही घातला."

"जित्तेपणी नाही घातला, म्हणून तर लोक मेल्यावर घालून मागतात."

मी मूळ फोटो परत मागितला. त्यानं दिला तर त्यावर शाईच्या उभ्याआडव्या रेघा. चौकोन पाडून चित्र मोठं करतात म्हणे. ते वर पातळ कागद ठेवून करायचं, या शहाण्यानं थेट बापाच्या तोंडावर केलं होतं. डोळा कुठला, वण कुठला, काही कळत नव्हतं.

श्राद्ध तोंडावर आलं होतं. काच बसवलेलं ते चित्र पेपरात गुंडाळून घरी आणलं. वाटलं, आई एक नजर टाकेल आणि म्हणेल, हा कोण. मग मी ते चुलीत घालीन.

आईनं पदरानं काच पुसली. किती वेळ पाहत बसली. म्हणाली, "कसे छान दिसून राहिले."

"आई, वण नाही ना त्यात."

"कायचे वण गा? त्याईले कुठी वण होते?"

चाळीस वर्षं त्या तोंडासमोर भाकरी वाढलेली बाई! दाखवायले माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. धाकटा भाऊ हार घालताना म्हणाला, बाबा साहेबासारखे दिसतात. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी मी माझं पान उचललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन जेवलो. आजही त्या चित्राले हात जोडत नाही. घरचे मले हट्टी म्हणतात. म्हणोत. ओळख ना पाळख, त्या कोटवाल्यापुढे मी काहून वाकू?