आईची बाधा

मालवणच्या बाजारात मासळी वाट्याने, ढीग लावून मिळते. बांगड्यांचा एक वाटा म्हणजे घरभर माणसांचं जेवण. नवरा वारला, मुलगी नोकरीसाठी म्हापशाला गेली, तरी मी वाटाच आणत राहिले. उरलेले बांगडे दुसऱ्या दिवशीही मीच खायचे. मग बाजारात जाणंच सोडलं. चतुर्थीसाठी शिवायला आलेली ब्लाउजांची कापडं मशीनशेजारी पडून राहिली. पहाटे जाग यायची आणि उठायचं कशाला, ते सुचत नसे.

शेवटी नेहमीची मासेवाली टोपली घेऊन आपला ब्लाउज मागायला घरी आली.

"मशिनीक गंज चढलो, काय तुका गो?" म्हणाली. मग माझं तोंड नीट पाहून तिने रस्त्यावरची रिक्षा थांबवली आणि मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी झोप, भूक, नवरा, घरात कोण असतं, सगळं विचारलं. थायरॉइडची तपासणी लिहून दिली.

"घरात आणखी कुणाला असा त्रास होता?"

"नाही. आईला बाधा झाली होती, पण ते वेगळं."

"बाधा म्हणजे नेमकं काय व्हायचं?"

मी सांगितलं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झाल्यावर आई मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवत नसे, केस विंचरत नसे. बाधा सुटावी म्हणून आम्ही देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सगळे मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणाले. आई बसूनच राहिली. सांगता सांगता माझा हात माझ्याच केसांकडे गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बाधा नव्हे, नैराश्याचा आजार आहे; आईला तोच असावा, तुम्हालाही तोच आहे. घरात कुणाला असला की दुसऱ्याला होण्याचा संभव वाढतो. होतोच असं नाही. त्यावर माणूस जाणं, एकटेपण, कधी शरीराचं दुखणं, असं साचत जातं. गोळ्या लिहून देत म्हणाल्या, "मुलीला सांगून ठेवा."

परतताना मासेवालीने टोपलीतले थोडे बांगडे पिशवीत घातले. "अर्धो वाटो मी कोणाक देणंय नाय. बाजारात सांगू नको."

संध्याकाळी ते तळताना मुलीला फोन लावला. गोळ्या सुरू केल्याचं सांगितलं. आजीला बाधा नव्हती, तेही सांगितलं.

"आई, माका पण झोप येणा नाय."

मी गॅस बंद केला. "कधीपासून गो?"