पडून राहिल्यावरचा कागद

चाळीस वर्षं ज्या हातानं सुईत दोरा एका झटक्यात ओवला, त्या हाताला आता गालावर रेझर धरवेना. टेलरबाई सत्तरीच्या. वृद्धाश्रमातली बायकांकडची सहा नंबरची खोली, खिडकीकडची खाट. पहाटे पाचला, सगळी इमारत घोरत असताना, त्या न्हाणीघराला कडी लावून दाढी उरकत, पावडर चोपडत आणि काही झालंच नाही अशा थाटात खाटेवर येऊन बसत. गेल्या महिन्यापासून हात लटपटायला लागला. हनुवटी कापली की पट्टी चिकटवायची. कुणी विचारलं तर मुरूम फुटला म्हणायचं.

शेजारच्या खाटेवर शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई. त्या म्हणायच्या, "सत्तरीत मुरूम! तुझी जवानी काही ओसरत नाही गं."

मुलगा म्हणून जन्मलेल्या टेलरबाईंनी एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं, की घरानं त्यांना सोडलं, यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं. मशीनवर बसून गणवेश शिवले, पडदे शिवले. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाचं पोट सुटलेलं, हे त्यांना माप घेण्याआधीच कळे. पण बोलून कधी कुणाला दाखवलं नाही. वृद्धाश्रमात घेताना कागदपत्रांवरून मॅनेजरांना सगळं समजलंच. "राहा, पण बोभाटा नको," एवढंच ते म्हणाले. तीन वर्षं टेलरबाईंनी तो शब्द पाळला.

मरणाला त्या भीत नव्हत्या. पडून राहण्याला भीत होत्या. त्यांची जिवाभावाची मैत्रीण, त्यांच्यासारखीच, अर्धांगवायूनं पडली. चाळीस वर्षांत न फिरकलेला भाऊ दवाखान्यात उगवला आणि म्हणाला, हा माझा भाऊ. झालं! गाऊन उतरवून शर्ट-पायजमा चढवला, पुरुषांच्या खोलीत हलवलं. टेलरबाई भेटायला गेल्या तेव्हा मैत्रिणीच्या गालभर अकरा दिवसांचे पांढरे खुंट. वाचा गेलेली. फक्त एक डोळा टेलरबाईंच्या मागं मागं फिरत होता. त्यांनी पर्समधून रेझर काढला, तर भावानं दंडाला धरून बाहेर काढलं.

आणि आता मॅनेजरांनी नवा कागद काढला होता. प्रत्येकाच्या खाटेला अडकवायचा. उद्या बोलता आलं नाही तर तुमचं काय काय कसं करायचं, ते आज सांगून ठेवा. सोमवारी आयांसकट सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं. एकीला खिडकी उघडी हवी होती. एक आजोबा म्हणाले, "सुनेला कळवू नका, तिला उगाच आनंद होईल." हशा झाला.

"आणखी कुणाचं काही?"

टेलरबाईंनी बोलावं तर बोभाटा, आणि त्यापायी दार दाखवलं तर या वयात जायचं कुठं? गप्प बसावं तर कागदावर जवळचा नातेवाईक म्हणून पुतण्याचं नाव, आणि तो अजून फोनवर 'काका' म्हणत होता. त्यांनी हात वर केला. तो इतका थरथरत होता की मॅनेजरांना वाटलं, माशी हाकलतायत. ते कागद आवरायला लागले.

"अहो, हिचा हात वर आहे," हेडबाई खेकसल्या. "लक्ष कुठंय तुमचं?"

"मी पडले," टेलरबाई म्हणाल्या, "तर रोज माझी दाढी करायची. अंगात गाऊनच. ठेवायचं बायकांतच. आणि पुतण्याचं ऐकायचं नाही."

मागची एक म्हातारी खुर्ची करकरत सरकवून निघून गेली. बाकीचे आपापल्या पायांकडे बघत बसले.

मॅनेजर हळूच म्हणाले, "हे ऑफिसात बोललो असतो ना."

"मला पुसायला ऑफिस येणार आहे का साहेब? या आया येणार. त्यांना ठाऊक नको?"

"पण सही करायला नातेवाईक लागतो."

"माझं नाव घाला," हेडबाई म्हणाल्या.

"तुम्ही अठ्ठ्याहत्तरच्या. तुम्हीच आधी गेलात तर?"

"मग हिला म्हणावं, पडायची जरा घाई कर."

दोघं-तिघं हसले. मॅनेजर नाही हसले. "तुम्हाला हे आधीपासून..."

"तीन वर्षं शेजारी झोपते हिच्या. मोतीबिंदू एकाच डोळ्यात आहे माझ्या."

मॅनेजरांनी लिहिलं. पण खाली पेन्सिलनं बारीक अक्षरात टाकलं: कमिटीची मंजुरी बाकी. टेलरबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी सिस्टर गोळ्या घेऊन आली तशी त्यांनी विचारलं, "दाढी करता येते?"

"वडिलांची केलीय वर्षभर."

"मग आज माझी कर. बोलता येतंय तोवर चुकलेलं सांगता तरी येईल."

गालावरचे खुंट पन्नास वर्षांत त्यांनी कुणाला दिसू दिले नव्हते. सिस्टरनं फेस लावला. टेलरबाईंनी खाटेची कड घट्ट धरली.

"डोळे मिटा मावशी."

"मिटत नाही. मानेवर वरून खाली घे. उलटा फिरवलास की पुरळ उठतं." रेझर खरखरत खाली आला. "तुझी सुट्टी कधी असते?"

"रविवारी."

"मग रविवारी कोण?"

"बदलीवर येते कुणी तरी. दर वेळी नवीनच."

टेलरबाई अर्ध्या गालावर फेस घेऊन ताडकन उठून बसल्या. "पेन आहे?"

"कमिटी अजून हो कुठं म्हणालीय, मावशी?"

"कमिटी बसेल महिनाअखेरीला. मी उद्याही पडेन. लिही. पहिलं, पाणी कोमट."