ढिली पकड

नोएडात मुलीच्या ज्युडोच्या वर्गात शिरलो आणि गाद्यांच्या घामट, रबरी वासानं जुना क्लास आठवला. वीस वर्षांपूर्वी गाझियाबादच्या आमच्या क्लासमध्ये सरांनी शिकवलेला डाव कुणीही लावला, की आम्ही जुने विद्यार्थी मुद्दाम हरायचो. सरांचा मान राखायचा म्हणून.

एकदा नव्या वैशालीनं मनगट पुढे केलं. "दादा, खरंच घट्ट धरा हं. बसमध्ये एकजण रोज हात धरायचा, म्हणून आता भाऊ सोबत येतो."

सर बघत होते. मी ढिलंच धरलं. ती झटक्यात सुटली, हसली आणि दारातल्या भावाला म्हणाली, "चलो, उद्यापासून सोबत नको येऊस. बिल्कुल गरज नाही."

मी ऐकलं आणि पुढच्या डावासाठी गादीवर जाऊन उभा राहिलो. पुढे तिचं काय झालं, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.